अकरा वाऱ्यांच्या रॉ फाइली: जुळवणी, रूपांतर आणि जपणूक यांच्या नोंदी

२००९ ते २०१९ या अकरा वर्षांत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर, कधी आळंदीपासून तर कधी सासवडपासून, पंढरपूरपर्यंत चालताना मी जे टिपले ते सगळे रॉ फाइलींच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कच्चा डेटा जसाच्या तसा साठवणाऱ्या फाइलींच्या, रूपात ठेवले होते. २०१३ पर्यंत माझ्याकडे निकॉन डी९० होता, म्हणून त्या काळातल्या फाइली एनईएफ प्रकारच्या आहेत; २०१४ पासून कॅनन ६डी आला आणि फाइली सीआर२ प्रकारच्या झाल्या. दिवाळीच्या आधी एका दिंडीच्या विणेकऱ्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, आबा गेले. गळ्यात वीणा घेतलेला त्यांचा फोटो तुम्ही वेळापूरला काढला होता, तो मिळेल का?" छायाचित्र मला स्पष्ट आठवत होते, पण दोन दिवस शोधल्यावर जी फाइल सापडली तिचा वरचा अर्धा भाग ठीक होता आणि खाली नुसते जांभळे-करडे पट्टे होते. त्या संध्याकाळी हे काम हाती घेतले. ज्यांच्याकडे असाच साठा पडून आहे त्यांना माझ्या चुका टाळता याव्यात म्हणून या नोंदी लिहिल्या आहेत.

४ नोव्हेंबर २०२४

आज फक्त मोजदाद केली. घरात तीन बाह्य हार्ड डिस्क निघाल्या: ५०० जीबीची २००९ मधली, १ टीबीची २०१३ मधली आणि २ टीबीची २०१७ मधली. त्यांवर क, ख, ग अशी चिठ्ठी लावली. शिवाय ६४ डीव्हीडी आणि चार मेमरी कार्डे मिळाली. कोणत्या डिस्कवर काय आहे हे एका वहीत हाताने लिहिले, कारण या टप्प्यावर संगणकावरच्या कोणत्याही यादीवर माझा विश्वास नव्हता.

पहिली चूक पहिल्याच तासात झाली. 'ख' डिस्क नेहमीसारखी जोडली आणि छायाचित्रे चाळण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. त्या प्रोग्रॅमने चाळता चाळता प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःच्या छोट्या नोंद-फाइली लिहायला सुरुवात केली, आणि काही एनईएफ फाइलींच्या बदलाची तारीख आजची झाली. छायाचित्रांना इजा झाली नाही, पण कोणती प्रत मुळाला जवळची हे ठरवण्याचा एक पुरावा माझ्या हातून पुसला गेला. त्यानंतर प्रत्येक जुनी डिस्क लिनक्स असलेल्या जुन्या लॅपटॉपलाच जोडली, तीही फक्त वाचण्याची परवानगी देऊन. मेमरी कार्डांची बारीक कळ 'लॉक'कडे सरकवून ठेवली.

९ नोव्हेंबर

पुढचे चार दिवस मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली. मनात असे होते की आधी सगळ्या फाइलींचे डीएनजीमध्ये रूपांतर करावे, म्हणजे दोन कॅमेऱ्यांचा साठा एकाच प्रकारात येईल आणि मग जुळवणी सोपी होईल. डीएनजी हा प्रकार अडोबीने २००४ मध्ये आणला, त्याचे तपशील सर्वांना खुले आहेत आणि रूपांतराचा प्रोग्रॅम मोफत मिळतो, त्यामुळे विचार वरवर बरोबर वाटला. 'ख' डिस्कवरचा २०११ चा फोल्डर, म्हणजे ४,१२० एनईएफ फाइली, कामाच्या डिस्कवर उतरवून एका संध्याकाळी रूपांतरित केल्या, जागा वाचवण्यासाठी कामाच्या डिस्कवरून एनईएफ काढून टाकल्या आणि तीन दिवस त्या डीएनजींना शब्दखुणा लावत बसले.

चौथ्या दिवशी दोन गोष्टी लक्षात आल्या. २०११ मध्ये मी निवडक छायाचित्रांवर कॅप्चर एनएक्स २ या निकॉनच्या प्रोग्रॅममध्ये काम केले होते आणि तो प्रोग्रॅम आपले बदल एनईएफ फाइलीच्या आतच साठवत असे. रूपांतर करणारा प्रोग्रॅम फक्त सेन्सरचा डेटा उचलतो. ते बदल त्याला कळत नाहीत, म्हणून माझे तेव्हाचे सगळे उजेड-सावलीचे काम डीएनजीत दिसेनासे झाले. दुसरे म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम असे डीएनजी उघडतच नाही, त्यामुळे परतीचा रस्ताही बंद होता. मूळ एनईएफ 'ख' डिस्कवर शाबूत होत्या म्हणून निभावले. चार दिवसांचे काम पुसून टाकले.

या गोंधळातून एक उपयोगाची गोष्ट हाती लागली. कॅप्चर एनएक्स २ ने जतन केलेल्या एनईएफमध्ये पूर्ण आकाराचे एक जेपीईजीही दडलेले असते आणि त्यात केलेले बदल उमटलेले असतात. एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम ते जेपीईजी जसेच्या तसे बाहेर काढून देतो. जुना प्रोग्रॅम आता माझ्या संगणकावर चालत नाही, तरी २०११ मध्ये मी छायाचित्र कसे पाहिले होते ते अशा ३८६ फाइलींमधून परत मिळाले.

१४ नोव्हेंबर

रूपांतर बाजूला ठेवून प्रती काढण्याचे काम सुरू केले. ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क प्रत्येकी १०,४०० रुपयांना घेतल्या. यूपीएसची बॅटरी मेली होती, ती १,२५० रुपये देऊन बदलली. सासवडला आमच्या भागात दिवसातून एकदा तरी वीज जाते आणि प्रत चालू असताना वीज जाण्याचा अनुभव मला पुन्हा नको होता.

'ख' आणि 'ग' या डिस्क विनातक्रार उतरल्या. 'क' मात्र जोडल्यावर टकटक आवाज करू लागली. अशा डिस्कवरून साधी प्रत काढायला गेले तर संगणक एकाच खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोके आपटत राहतो आणि तेवढ्यात डिस्क पूर्ण बंद पडू शकते. म्हणून डीडीरेस्क्यू वापरून फाइलींऐवजी आख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच मोठ्या फाइलीत बाइटन् बाइट नक्कल, काढली. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. कुठपर्यंत पोचला हे एका नकाशा-फाइलीत लिहीत जातो, म्हणून काम मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येते. मी दर तीन-चार तासांनी डिस्क थंड होऊ दिली. सगळे मिळून ३१ तास लागले आणि अगदी थोडा भाग न वाचता राहिला.

थोडा भाग म्हणजे किती छायाचित्रे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. न वाचलेल्या जागी प्रतिमेत शून्ये असतात, फाइलीचे नाव आणि आकार मात्र अगदी बरोबर असतो, म्हणून आकार जुळवून काहीही कळत नाही. यावर डीडीरेस्क्यूमध्येच एक सोय आहे: न वाचलेल्या जागांवर आपण दिलेला एखादा शब्द भरता येतो आणि मग तो शब्द ज्या फाइलींमध्ये सापडेल त्या बिघडलेल्या. हा प्रयोग अर्थात प्रतिमेच्या दुसऱ्या प्रतीवर करायचा. माझ्या बाबतीत सात फाइली निघाल्या. आबांचे छायाचित्र त्यांतलेच एक होते, आणि त्याची अर्धवट प्रत मी कधीतरी 'ख' डिस्कवरही नेऊन ठेवली होती. दाबून साठवलेल्या एनईएफमधला डेटा एका सलग ओघात असतो, त्यामुळे मध्ये थोडे बाइट गेले तरी तिथून खालचे सगळे चित्र विस्कटते, हे त्या पट्ट्यांचे कारण.

२२ नोव्हेंबर

डीव्हीडी. नवा बाह्य ड्राइव्ह १,८५० रुपयांना आणला. ६४ पैकी ५१ पूर्ण वाचल्या गेल्या, १३ अडल्या. त्या १३ मी जुन्या डेस्कटॉपच्या २०१० मधल्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिल्या, तर त्यांतल्या ८ निमूटपणे उतरल्या. एका ड्राइव्हने नाकारलेली डीव्हीडी दुसरा वाचू शकतो, म्हणून जुने ड्राइव्ह भंगारात देऊ नयेत. उरलेल्या पाचांपैकी तिघींमधून काही फाइली निघाल्या आणि दोन पूर्ण गेल्या. त्या दोन्हींवर मी कागदी गोल लेबल चिकटवले होते. त्याचा गोंद सुकून लेबल आकसले होते आणि त्याच्या ओढीने डीव्हीडी किंचित वाकली होती. ज्यांच्यावर फक्त मऊ टोकाच्या मार्करने लिहिले होते त्या बहुतेक सगळ्या टिकल्या.

१ डिसेंबर

या आठवड्यात दुहेरी प्रती शोधून वगळण्याचे काम केले आणि सर्वांत जास्त शिकायला याच कामात मिळाले. सगळीकडून गोळा झालेल्या रॉ फाइलींची संख्या ९६,४१२ भरली. आधी मी सगळ्या एनईएफ एकाच फोल्डरमध्ये ओतल्या आणि त्याच नावाची फाइल आधीच असेल तर नवी सोडून द्यावी असा पर्याय निवडला. शेवटी संख्या पाहिली तर दहा हजारांहूनही कमी. कॅमेरा डीएससी_०००१ पासून डीएससी_९९९९ पर्यंत मोजतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, हे मला माहीत होते, पण ओतताना ध्यानात राहिले नाही. माझ्या साठ्यात डीएससी_०४५७ या नावाची तीन वेगळी छायाचित्रे आहेत: दिवे घाटातली गर्दी, नीरेच्या काठावर माउलींच्या पादुकांच्या स्नानाच्या वेळची लगबग आणि तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण. त्यांतले एकच फोल्डरमध्ये उरले होते. मूळ प्रतींना हात लावला नव्हता म्हणून फक्त वेळ गेला.

मग प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम काढला. फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून निघणारी ही लांब ओळ दोन फाइलींसाठी सारखी आली तर त्या फाइली तंतोतंत एकच समजायच्या. असे करून ५२,९०६ वेगळ्या फाइली उरल्या, तरीही ही संख्या फार होती. कारण शोधताना ४ नोव्हेंबरची चूक आठवली: एखाद्या प्रोग्रॅमने फाइलीच्या आत एक तारा किंवा शब्दखूण लिहिली तरी चेकसम बदलतो, छायाचित्र मात्र तेच असते.

यावर डी९० च्या बाबतीत चांगला उपाय मिळाला. एनईएफच्या आतील नोंदींमध्ये शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा असतो आणि एक्झिफटूल तो वाचून दाखवतो. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि हा आकडा जुळला की ती एकच चौकट, म्हणजे एकदाच टिपलेले एकच छायाचित्र, फाइलीचे नाव काहीही असो. ६डी च्या सीआर२ फाइलींमध्ये मला असा आकडा मिळाला नाही; तिथे टिपल्याची वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि कॅमेऱ्याने दिलेला फाइल क्रमांक हे तिन्ही मिळून ओळख ठरवली. अखेर एनईएफ २४,३०० आणि सीआर२ १९,५७०, म्हणजे एकूण ४३,८७० छायाचित्रे ठरली. जागा साधारण ७४५ जीबी. जिथे एकाच चौकटीच्या दोन वेगळ्या फाइली होत्या तिथे न बदललेली फाइल मूळ म्हणून ठेवली आणि कॅप्चर एनएक्सचे काम असलेली फाइल शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. तिला फालतू प्रत समजून काढू नये.

आणि आबा सापडले. बिघडलेल्या फाइलीचा सुरुवातीचा भाग शाबूत असल्यामुळे तिच्यातला शटरचा आकडा, १६२०८, वाचता आला. तोच आकडा यादीत शोधला, तर जुन्या ड्राइव्हने वाचलेल्या एका डीव्हीडीवर भलत्याच नावाची एक फाइल निघाली. बहुधा छपाईसाठी देताना मी तिचे नाव बदलले असावे. ती पूर्ण उघडली. रात्री पावणेबारा वाजले होते, तरी मी लगेच त्यांच्या मुलाला छायाचित्र पाठवले. उत्तरात त्याने फक्त "माउली" एवढेच लिहिले.

८ डिसेंबर

तारखा. २०११ च्या वारीची १,१४६ छायाचित्रे जानेवारीतली आहेत असे फाइली सांगत होत्या आणि वर्षही चुकीचे होते. त्या हिवाळ्यापासून मी कॅमेऱ्यातली बॅटरी काढून ठेवली होती. घड्याळ चालवणारी आतली छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीवरच भरते, ती रिकामी झाली आणि घड्याळ वर्षारंभापासून पुन्हा सुरू झाले. निघण्याच्या घाईत मी ते पाहिले नाही.

घड्याळ एकदाच मागे गेले असेल तर सगळ्या छायाचित्रांना एकच फरक लागू पडायला हवा, म्हणून मी दोन टोकांकडून फरक काढला. एक टोक पंढरपूरचे: त्या वर्षी आषाढी एकादशी ११ जुलै २०११ रोजी होती आणि चंद्रभागेच्या वाळवंटातल्या पहाटेच्या स्नानाची छायाचित्रे कॅमेऱ्याच्या लेखी २० जानेवारीची. दुसरे टोक दिवे घाटाचे: तिथे मी ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानापासून तिथी मोजत दिवस ठरवला. दोन्ही फरकांमध्ये एक दिवसाचे अंतर आले. अर्धा दिवस कॅमेऱ्यालाच दोष देत होते, मग लक्षात आले की मी तिथी म्हणजे दिवस असे धरून मोजले होते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की बोटांवरचा हिशेब एका दिवसाने सरकतो. जुन्या कागदांमध्ये त्या वर्षीचे पालखीचे छापील वेळापत्रक होते. त्यातल्या तारखा घेतल्यावर दोन्ही टोके जुळली. वारीची छायाचित्रे लावणाऱ्या कोणालाही माझे हेच सांगणे आहे की दर वर्षीचे वेळापत्रक जपून ठेवावे. कोणत्या मुक्कामी कोणत्या तारखेला पालखी होती हे सांगणारा याहून खात्रीचा कागद नाही.

तास-मिनिटांसाठी पंढरपूरच्या एसटी स्थानकातले एक छायाचित्र उपयोगी पडले, कारण त्यात भिंतीवरचे घड्याळ ७ वाजून २५ मिनिटे दाखवत होते आणि मागची दुकाने नुकती उघडत होती, म्हणजे वेळ सकाळची. कॅमेऱ्यात त्या छायाचित्राची वेळ ३ वाजून ११ मिनिटे होती. फरक ४ तास १४ मिनिटांचा. भिंतीवरचे घड्याळ दोन-चार मिनिटे पुढे-मागे असू शकते, पण छायाचित्रांचा आपसातला क्रम त्याने बिघडत नाही.

आता चूक. हा फरक मी एक्झिफटूलने थेट एनईएफ फाइलींमध्येच मिळवायला लावला. अर्ध्यात मीच चुकून खिडकी बंद केली आणि तीच आज्ञा पुन्हा चालवली. निम्म्या फाइलींना फरक एकदा लागला, निम्म्यांना दोनदा, आणि आबांचे वेळापूर डिसेंबरात जाऊन पडले. सगळा फोल्डर प्रतीवरून पुन्हा उतरवावा लागला. त्या दिवसापासून नियम केला की रॉ फाइलीच्या आत काहीही लिहायचे नाही; दुरुस्त तारीख, ठिकाण, नावे हे सगळे एक्सएमपी फाइलीत, म्हणजे रॉ फाइलीच्या शेजारी राहणाऱ्या छोट्या माहिती-फाइलीत जाईल, आणि तारीख लिहिताना "इतके मिळव" असे न सांगता मूळ वेळेवरून हिशेब करून तयार झालेली पूर्ण तारीख द्यायची, म्हणजे आज्ञा दहा वेळा चालली तरी उत्तर तेच राहते.

६डी ने काम हलके केले. त्यात जीपीएस आहे आणि ते चालू असताना टिपलेल्या फाइलींमध्ये उपग्रहांकडून आलेली वेळही असते. ती जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. २०१६ च्या वारीत माझे घड्याळ ४ मिनिटे १० सेकंद पुढे होते हे त्यावरून कळले. दाट वस्तीतल्या छायाचित्रांवर मात्र हा हिशेब लावू नये, कारण तिथे उपग्रह दिसत नसताना जुनीच नोंद चिकटून राहिलेली मला आढळली. वाखरीच्या मोकळ्या तळावरची छायाचित्रे या पडताळणीसाठी उत्तम.

१९ डिसेंबर

नावे आणि फोल्डर. मला सगळे मराठीत हवे होते आणि पहिल्या दोन वर्षांचे फोल्डर मी देवनागरीतच केले. प्रती जुळवताना 'कऱ्हेकाठ' हा फोल्डर दोनदा दिसू लागला, दोन्ही नावे डोळ्यांना अगदी सारखी. 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते, एक सबंध अक्षर म्हणून आणि एक 'र' खाली नुक्ता देऊन. शिवाय 'ऱ्ह' टाइप करण्याची पद्धत प्रत्येक कळफलकाची वेगळी. एका संगणकावर केलेले नाव दुसरीकडे गेले की संगणकाला ते वेगळे नाव वाटते. कऱ्हेच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे सोडून देणे जड गेले, पण अखेर फोल्डर आणि फाइलींची नावे फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि खालची रेघ यांची ठेवली: वर्ष, मग तारीख आणि मुक्काम, आत फाइलीच्या नावात तारीख, वेळ आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक. मराठी मजकूर एक्सएमपीमध्ये गेला, कारण तिथे तो युनिकोडमध्येच साठवला जातो. आयपीटीसी या फाइलीच्या आतल्या जुन्या माहिती-रकान्यांमध्ये मी २०१० साली लिहिलेली मराठी नावे आता नुसती प्रश्नचिन्हे झाली आहेत. ती हाताने पुन्हा लिहिली.

नावे बदलताना ३,२०० फाइलींच्या एक्सएमपी जोडीदाराविना राहिल्या. काही प्रोग्रॅम जोड-फाइलीच्या नावातून मूळ फाइलीचे एनईएफ हे शेपूट गाळतात, तर डार्कटेबल हा प्रोग्रॅम ते ठेवतो, आणि मी नाव बदलण्याच्या आज्ञेत एकच प्रकार धरला होता. नशिबाने जुने नाव आणि नवे नाव यांची यादी आधी एका मजकूर-फाइलीत काढली होती, तीवरून दीड दिवसात जोड्या पुन्हा लागल्या. ती यादी आता कायमची संग्रहात ठेवली आहे.

४ जानेवारी २०२५

डीएनजीचा प्रश्न पुन्हा समोर घेतला, या वेळी शांतपणे. त्याच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्यात प्रतिमेच्या डेटाचा चेकसम फाइलीच्या आतच असू शकतो, त्यामुळे फाइल कुजली तर कळते. आणि शब्दखुणा आत राहत असल्याने जोडीदार हरवण्याचा प्रश्न येत नाही. पण नेमकी हीच दुसरी सोय माझ्या जपणुकीच्या आड येते. एक शब्द बदलला की २० एमबीची आख्खी फाइल बदलते, तिचा बाहेरचा चेकसम जुळेनासा होतो आणि प्रत पुन्हा काढावी लागते. रॉ फाइल कधीच न बदलणारी आणि एक्सएमपी सतत बदलणारी, अशी विभागणी असली की रॉ फाइलीचा चेकसम बदलला म्हणजे काहीतरी बिघडले असा सरळ अर्थ निघतो. शिवाय एनईएफ आणि सीआर२ हे दोन्ही प्रकार आज डार्कटेबल, रॉथेरपी यांसारखे मुक्त प्रोग्रॅम नीट वाचतात, त्यामुळे हे प्रकार लवकर मुके होतील अशी भीती मला वाटत नाही.

म्हणून मूळ फाइली तशाच ठेवल्या आणि डीएनजी फक्त दुसऱ्यांना द्यायच्या २६० छायाचित्रांच्या केल्या. रूपांतर करताना दर्जा घटवणारे दाबणे आणि रेखीय रूपांतर हे दोन्ही पर्याय बंद ठेवले; रेखीय रूपांतरात सेन्सरचे कच्चे ठिपके रंगांत मिसळून टाकले जातात, फाइल फुगते आणि मागे फिरता येत नाही.

सर्वांत जवळच्या १८० छायाचित्रांचे १६-बिट टिफ केले. ६डी ची २ कोटी २ लाख बिंदूंची चौकट, तीन रंग आणि प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सुमारे १२१ एमबी. डी९० ची सुमारे ७४ एमबी. अख्ख्या साठ्याचे असे टिफ करणे परवडणार नाही, पण कोणत्याही कॅमेरा-कंपनीवर अवलंबून नसलेले, पूर्ण झालेले चित्र एवढ्यांचे तरी असावे असे मला मनापासून वाटले.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या दिवशी सगळ्यांत मोठा धक्का बसला. कामाच्या डिस्कवरून पहिल्या बाह्य डिस्कवर आरसिंक या प्रती जुळवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत नेताना, मुळात नसलेल्या फाइली प्रतीवरूनही काढाव्यात हा पर्याय मी लावून ठेवला होता. आदल्या दिवशी रिकामे फोल्डर झाडताना २०१३ चा फोल्डर माझ्या हातून पुसला गेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. रात्री आरसिंकने इमानाने तो प्रतीवरूनही पुसला. सकाळी दर वर्षाच्या चेकसम-यादीशी पडताळणी केली तेव्हा यादीतल्या ५,४१२ फाइली जागेवर नव्हत्या.

दुसरी बाह्य डिस्क सुदैवाने ५ जानेवारीपासून साताऱ्याला भावाच्या घरी होती. दुसऱ्या दिवशी जाऊन ती आणली, फोल्डर परत घेतला, प्रत्येक फाइलीचा चेकसम यादीशी जुळवला. दोन दिवस गेले. आता आरसिंकला पुसण्याची परवानगी नाही. प्रतीवर नसायला हव्यात अशा फाइली तो वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह सरकवून ठेवतो आणि त्या मी महिन्याने डोळ्यांनी पाहूनच काढते. प्रत काढण्याआधी पडताळणी, असा क्रमही बदलला. आधी मी तो उलट ठेवला होता.

साताऱ्याची डिस्क दर तीन महिन्यांनी अदलाबदलीने येईल. पावसाळ्यासाठी दोन हवाबंद डबे, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि लेबले ६४० रुपयांना घेतली.

२ फेब्रुवारी

अखेरचा हिशेब. दोन डिस्क २०,८०० रुपये, डीव्हीडी ड्राइव्ह १,८५०, यूपीएसची बॅटरी १,२५०, डबे वगैरे ६४०. एकूण २४,५४० रुपये. वेळ तीन महिने, रोज सरासरी अडीच तास, आणि त्यातले किमान अकरा दिवस माझ्या चुका निस्तरण्यात गेले.

'क' डिस्कवर बिघडलेल्या सात फाइलींपैकी पाच इतरत्र पूर्ण सापडल्या, दोन अर्ध्याच राहिल्या. त्या अर्ध्या फाइलीही काढल्या नाहीत. एकीत वरच्या भागात बाजीरावाच्या विहिरीजवळच्या रिंगणातला अश्व दिसतो, त्याच्या खालची जमीन नाही.

गेलेल्या दोन डीव्हीडींवर २०१० च्या एकादशीची, २१ जुलैची, छायाचित्रे होती. त्यांची दुसरी प्रत कुठेही निघाली नाही. डी९० च्या शटरच्या आकड्यांमध्ये त्या दिवशी ३१२ ची सलग फट आहे, म्हणून किती गेली हे नक्की सांगता येते. त्या तारखेचा फोल्डर रिकामाच केला आहे आणि त्यात एक मजकूर-फाइल ठेवली आहे: फटीचा पहिला आणि शेवटचा आकडा, आणि त्या दिवशी मी काय काय टिपले होते त्यातले मला आठवते तेवढे. आतापर्यंत नऊ ओळी झाल्या आहेत. त्या वर्षी बरोबर चाललेल्या दोघींना मी ती फाइल वाचायला पाठवली आहे.